मासे मोजण्याआधी जाळं समजून घे

प्रिय मित्रा,

तुझा संशोधनाचा आराखडा काल सावकाश वाचला. बंदरावर उतरणारी मासळी वर्षभर मोजायची आणि त्यावरून किनाऱ्याजवळचे साठे वाढताहेत की घटताहेत ते सांगायचं, असं तू ठरवलं आहेस. विषय मोलाचा आहे. पण नौका किती तास समुद्रात होती, जाळं कोणतं, त्याच्या आसाचा, म्हणजे जाळ्यातल्या भोकाचा, आकार किती, ते किती खोलीवर टाकलं, या सगळ्याबद्दल आराखड्यात एकच ओळ आहे. आज त्या ओळीबद्दलच लिहितो.

टोपलीत येते ती जाळ्याने निवडलेली मासळी. गिलनेटमधून, म्हणजे पाण्यात भिंतीसारख्या उभ्या सोडलेल्या जाळ्यातून, लहान मासे आरपार जातात आणि फार मोठे त्यात नीट अडकत नाहीत. मधल्या मापाचे तेवढे सापडतात. तुझ्या लांबीच्या आलेखावर मध्येच उंचवटा आला, तर तो माशांच्या वयाचा आहे की जाळ्याचा, हे आधी तपास. वयासाठी ऑटोलिथ, म्हणजे माशाच्या कानातला खडा, पाहावा लागेल. त्यावरची वर्षावर्षाची वलयं वाचायला वेळ लागतो, पण तो वेळ दे.

आता दुसरी गोष्ट, आणि ही मला फार महत्त्वाची वाटते. मासळीला प्रयत्नाने, म्हणजे मासेमारीला लागलेल्या तासांनी, भागलं की साठ्याचा अंदाज मिळतो, असं आपण शिकतो. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाने हे गणित किती फसवू शकतं ते दाखवलं. १९६८ मध्ये तिथे सुमारे ८ लाख टन कॉड पकडला गेला. पुढे साठा घटत गेला, तरी उरलेले मासे दाटीने एकत्र राहत होते आणि मोठे ट्रॉलर ध्वनियंत्रांच्या मदतीने नेमके ते थवे गाठत होते. त्यामुळे तासामागची मासळी बराच काळ भरघोसच दिसली. किनाऱ्याजवळ छोट्या होड्यांनी मासेमारी करणारे लोक मात्र मासा लहान होतोय, कमी होतोय, असं १९८० च्या दशकात सांगत होते. त्यांचं म्हणणं वेळेवर गंभीरपणे घेतलं गेलं नाही. जुलै १९९२ मध्ये कॅनडा सरकारने मासेमारी बंद केली, ३० हजारांहून अधिक लोकांचा रोजगार गेला. ती बंदी दोन वर्षांसाठी जाहीर झाली होती. अधिकृतपणे उठायला २०२४ उजाडावं लागलं.

म्हणून मच्छीमारांशी बोल, आणि मुलाखतीचा कागद पुढे करून नव्हे. जाळी दुरुस्त करत बसलेल्या माणसापाशी बस. पूर्वी कुठे जात होतात, आता किती लांब जावं लागतं, तेवढ्याच मासळीला डिझेल किती जळतं, हे विचार. अंतर वाढलं असेल आणि मासळी तेवढीच असेल, तर साठा स्थिर आहे असं लिहू नकोस. थोरल्या मच्छीमारांशी वेगळं बोल, तरुणांशी वेगळं. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये लिहिलं होतं की प्रत्येक पिढी आपल्या सुरुवातीच्या काळातला समुद्रच मूळचा मानते आणि घट तिथून मोजते. फ्लोरिडातल्या की वेस्टला हौशी मच्छीमारांनी आपल्या शिकारीसोबत काढलेले जुने फोटो एका संशोधिकेने मोजले, तेव्हा १९५६ ते २००७ या काळात माशाचं सरासरी वजन सुमारे २० किलोंवरून २.३ किलोंवर आलेलं निघालं. फोटोतले चेहरे सगळ्या वर्षांत तितकेच खूश आहेत. तुझ्या बंदरावरचे जुने फोटो, लिलावाच्या वह्या मिळतात का ते जरूर बघ.

गाभोळी तपासायला कंटाळू नकोस. नुसतं टनांत मोजलं तर कोणता मासा गेला हे कळत नाही. रेड स्नॅपर या माशाची ६१ सेंमी लांबीची एक मादी जेवढी अंडी देते, तेवढ्यासाठी ४२ सेंमीच्या २१२ माद्या लागतात, असा हिशेब प्रसिद्ध आहे. मोठे मासे आधी संपले तर टनांचा आकडा बराच काळ तसाच राहील आणि पुढची पिढी मात्र आधीच घटलेली असेल. काही हेकरूंमध्ये (ग्रुपर माशांमध्ये) तर मासा आधी मादी असतो आणि मोठा झाल्यावर नर होतो. तिथे मोठे उचलले की नरच कमी पडतात.

खारफुटी आणि समुद्री गवतावरचं तुझं प्रकरण चांगलं आहे, त्याला हात लावू नकोस.

नोंदीचा तक्ता मात्र नव्याने कर. जाळं, आस, खोली, जाळं पाण्यात राहिल्याचे तास, बंदरापासूनचं अंतर आणि समुद्रात परत फेकलेली मासळी, एवढे रकाने हवेतच. हंगाम सुरू होण्याआधी तो एखाद्या तांडेलाला, म्हणजे नौकेच्या प्रमुखाला, वाचून दाखव. त्याला जो रकाना खटकेल तो बदल आणि मग मला पाठव.

सस्नेह,
तुझा मार्गदर्शक