'आम्ही नाही पाळणार' म्हणणारे बंदूकवाले: तुमचे प्रश्न

अमेरिकेतल्या बंदुकांच्या कायद्यांवर मागे लिहिलं होतं, त्यावर बरेच प्रश्न आले. त्यातले चार घेतोय.

प्रश्न: मुलगा कनेक्टिकटला असतो. त्याचा शेजारी म्हणतो, मी रायफल रजिस्टर केली नाही, हा माझा सत्याग्रह. खरंच का हो? (वाचक, सांगली)

छे, कपाटात लपवून कसला सत्याग्रह! सँडी हुकच्या शाळेत डिसेंबर २०१२ मध्ये २० मुलं आणि ६ मोठी माणसं गेली, त्यानंतर तिथे कायदा आला की ठराविक प्रकारच्या रायफली असतील तर २०१४ उजाडायच्या आत नोंद करा. नोंद झाली साधारण पन्नास हजारांची, आणि राहिल्या किती हे कोणीच सांगू शकत नाही कारण आधीची यादीच नव्हती ना. तसाच कायदा असलेल्या न्यूयॉर्क राज्यात तर आकडा बाहेर यायला २०१५ उजाडलं, दोन कोटींच्या आसपास लोकसंख्या आणि नोंद ४४ हजारांची. गांधीजी दांडीला निघायच्या आधी व्हाइसरॉयला पत्र लिहून सांगतात की मी कायदा मोडतोय, आणि हा शेजारी गुपचूप बसलाय. त्यापेक्षा आपला टॅक्स बुडवणारा काय वेगळा?

प्रश्न: उघडपणे कोणी मोडलाच नाही का मग?

मोडला की. वॉशिंग्टन राज्यात नोव्हेंबर २०१४ मध्ये लोकांनी मतदान करून कायदा केला की मित्राला बंदूक द्यायची तरी बॅकग्राउंड चेक, म्हणजे घेणाऱ्याची सरकारी तपासणी, हवा. १३ डिसेंबरला त्या राज्याच्या राजधानीत, ऑलिम्पियात, शेकडो लोक जमले आणि विधानभवनासमोर सरळ एकमेकांच्या हातात बंदुका दिल्या. पोलिसांनी आधीच सांगून टाकलं होतं की यासाठी कोणाला धरणार नाही. म्हणजे मीठ उचललं पण पकडायलाच कोणी आलं नाही! आणि माझी खरी अडचण वेगळीच आहे, सत्याग्रही लाठी खायला रिकाम्या हातानं पुढे जातो, इथे खांद्यावर भरलेली रायफल असली की समोरचा पोलीस तुमच्या नैतिक बळाकडे बघणार की ट्रिगरकडे?

प्रश्न: गांधीजींनीच शस्त्रबंदीला इंग्रजांचं सगळ्यात काळं कृत्य म्हटलं होतं, असा फॉरवर्ड अमेरिकेतून आलाय. फेक आहे का?

फेक नाही, अर्धवट आहे. १८७८ च्या आर्म्स ॲक्टबद्दल ते तसं म्हणालेत, पण कुठे? १९१८ च्या सैन्यभरतीच्या पत्रकात. सूर असा की युद्धात सरकारला मदत करा, विश्वास बसेल, मग बंदी उठेल. ही पुढची ओळ फॉरवर्डमध्ये कधीच नसते.

आणि खरी गोष्ट तर आपल्या नागपूरची आहे, ती अमेरिकेतल्या कोणाला माहीतच नाही. १९२७ मध्ये मंचरशा आवारींनी, लोक त्यांना जनरल आवारी म्हणायचे, आर्म्स ॲक्ट मोडायला तलवारी घेऊन मिरवणुका काढल्या. मागणी होती बंगालच्या राजबंद्यांना सोडा. लपवालपवी नाही, दिवसाढवळ्या रस्त्यावर, आणि त्यासाठी आवारी जेलमध्येही गेले. म्हणजे ऑलिम्पियात जे अर्धवट राहिलं ते यांनी पुरतं केलं. तरी गांधीजींनी त्याला सत्याग्रह मानलं नाही, हातात शस्त्र आहे म्हणून! मला पर्सनली गांधीजी इथे जरा कडक वाटतात, तलवार कोणावर उगारलेली तर नव्हती. पण मग फॉरवर्डवाल्यांनी कोणत्या तोंडानं त्यांचं नाव घ्यायचं?

प्रश्न: मग बंदूकवाल्यांना शेवटी यश कशानं मिळालं?

कोर्टानं. राजधानी वॉशिंग्टनमधल्या डिक हेलरनं घरात पिस्तूल ठेवायला रीतसर अर्ज केला, नकार मिळाला, केस लढला आणि २००८ मध्ये सुप्रीम कोर्टात जिंकला. टेक्सासचा मायकल कारगिल, बंदुकांचं दुकान आहे त्याचं, त्यानं २०१९ ची बंदी आल्यावर आपले बंप स्टॉक (रायफलीतून भराभर गोळ्या झाडायला मदत करणारा जोड) निषेध नोंदवून जमा केले आणि मग सरकारवर केस ठोकली, २०२४ मध्ये बंदीच उडाली. सांगलीकरांनी हे मुलामार्फत शेजाऱ्याच्या कानावर घालायला हरकत नाही.