मोबाइलवर भरवलेल्या अडीच पोळ्या

"मुलगा साडेपाच वर्षांचा, वजन 28 किलो, कार्टून लावल्याशिवाय घास घेत नाही आणि आजी म्हणते वाढतं अंग आहे." तुमचं हे वाचलं आणि आमचंच चार वर्षांपूर्वीचं घर डोळ्यांपुढे आलं.

तळकट कमी, भाज्या जास्त, खेळायला पाठवा, हे तुम्हाला दहा जणांनी सांगितलं असेलच. ते सोडते. मी डॉक्टर नाही, माझ्या एका पोराचा अनुभव तेवढा सांगते.

माझी चूक मोबाइलची. एका हातात फोन, दुसऱ्या हातात वरणात कुस्करलेल्या पोळीचा घास. पोरगं स्क्रीनवरून नजर न हलवता आ करायचं. चार पोळ्या सहज जायच्या. पाहुणे म्हणायचे, काय गुणी आहे, कटकट न करता जेवतो! मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

तो सात वर्षांचा असताना एकदा पावसात रात्री लाइट गेले, फोनची बॅटरीही संपलेली. मेणबत्तीच्या उजेडात त्याने आपल्या हाताने दीड पोळी खाल्ली आणि उठला. मी सवयीने मागे लागले, अजून दोनच घास. तर म्हणाला, "आई, पोट भरलंय." हे मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. रोजच्या बाकीच्या अडीच पोळ्या मीच कोंबत होते.

खरं तर वर्षभर आधीच जाग यायला हवी होती. पण शाळेच्या आरोग्य तपासणीच्या कागदावर वजन-उंचीचे आकडे लिहून खाली शेरा होता, "निरोगी". मी निश्चिंत झाले. आकडे लिहिणाऱ्याने ते तक्त्यावर ताडून बघायला नको होते का? पुढे बालरोगतज्ज्ञांनी 34 किलो आणि 121 सेंटिमीटरवरून बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) काढून भारतीय मुलांच्या 2015 च्या वाढीच्या तक्त्यावर टिंब दिलं, ते लठ्ठपणाच्या रेषेच्याही वर गेलं. त्यांनी डाएट दिलं नाही. म्हणाले, वजन उतरवायच्या मागे लागू नका, आहे तिथे थोपवा, उंची वाढू दे.

मग आम्ही काय केलं? जेवताना फोन बंद, मोठ्यांचेही (नवऱ्याला हे सर्वांत जड गेलं). ताटात काय आणि किती वाजता ते मी ठरवणार, किती खायचं ते तो. पहिले आठ-दहा दिवस तो अर्धपोटी उठला, सासूबाई माझ्याशी बोलत नव्हत्या. धीर धरा. "ताटात टाकायचं नाही" हे मलाही पटतं, म्हणून आधी वाढायचंच कमी. हवं असेल तर मागेल.

जाता जाता, दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरीच्या डब्याची मागची बाजू वाचा. आमच्या डब्यात 100 ग्रॅममागे 30 ग्रॅमच्या वर साखर होती. असल्या पेयांना 'हेल्थ ड्रिंक' म्हणून विकू नका, असं सरकारनेच 2024 मध्ये ऑनलाइन दुकानांना सांगितलं. आजीचा लाडू मात्र बंद करू नका, भांडण फुकट वाढतं. आमच्याकडे रविवारी एक, एवढ्यावर तह झाला.

आता तो नऊ वर्षांचा आहे, 36 किलो, 133 सेंटिमीटर. अजून जास्त वजनातच मोडतो, पण उंची वाढल्याने तक्त्यावरचं टिंब खाली येतंय.

तुम्ही उंची लिहिली नाहीत. चप्पल काढून, टाचा भिंतीला टेकवून मोजा आणि डॉक्टरांकडे जाताना दोन्ही आकडे घेऊन जा.