वाचकांचे प्रश्न : रेडिओवरची गाणी बदलताना

प्रश्न : आमचे सामुदायिक रेडिओ केंद्र सकाळी ६ ते रात्री १० चालते. हिंदी चित्रपटगीते काढून आम्ही जुनी मराठी भावगीते आणि लोकगीते सुरू केली. मुख्य यादीत ३२ गाणी आहेत, तासाला ४ लागतात. पण श्रोते म्हणतात, रोज सकाळी सातला तेच गाणे! यादी दुप्पट करावी का? (स्वयंसेवक, सोलापूर जिल्हा)

उत्तर : दुप्पट केलीत तरी तक्रार तीच राहील. १६ तास गुणिले ४ म्हणजे दिवसाला ६४ जागा. ३२ गाण्यांची यादी क्रमाने फिरली तर ती दिवसात बरोबर दोनदा संपते. सातचे गाणे दुपारी तीनला येते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सातला. ६४ गाणी घेतलीत तर ते दिवसातून एकदाच लागेल, पण सातलाच. म्हणून ज्याने ६४ला पूर्ण भाग जात नाही असा आकडा घ्या. २७ चांगला चालतो. सातचे गाणे मग पावणेदोनला, रात्री साडेआठला आणि दुसऱ्या दिवशी सव्वाअकराला लागते. ३१नेही ६४ला भाग जात नाही खरा, पण गाणे रोज अर्धाच तास सरकते आणि सकाळी ऐकणाऱ्याला ते आठवडाभर भेटत राहते.

यादी लहान झाली म्हणून घाबरू नका. तासातल्या बाकीच्या गाण्यांसाठी दुसरी, मोठी यादी ठेवा आणि लोकगीते तिच्यात घाला.

क्रमाऐवजी सॉफ्टवेअरला हवे ते गाणे उचलू दिलेत, तर एकाच गायकाची दोन गाणी लागोपाठ येतात. ते टाळायला एका गायकाच्या दोन गाण्यांत एका तासाचे अंतर लावतात. पण जुन्या मराठी गाण्यांत ठरावीक आवाजच पुन्हापुन्हा येतात, तिथे हा नियम अडतो. तासाला ४ गाणी असताना एका गायकाचा वाटा यादीच्या चौथ्या भागाहून जास्त असून चालत नाही. २७ मध्ये फार तर ६. द्वंद्वगीत दोघांच्या नावावर मोजा. आणि नावे एकाच पद्धतीने लिहा. एका फाइलवर ‘भोसले’, दुसरीवर ‘भोंसले’ असेल, तर यंत्राच्या लेखी त्या दोन गायिका आहेत.

प्रश्न : जुने गाणे बारीक वाजते आणि लगेच जाहिरात कानठळ्या बसवते. सगळ्या फाइली नॉर्मलाइझ केल्या, तरी फरक नाही.

उत्तर : तुम्ही बहुधा पीक नॉर्मलाइझ केले आहे, म्हणजे फाइलमधल्या सर्वांत उंच आवाजावरून पातळी ठरवली आहे. जुन्या तबकडीवरचा एखादा ‘टक्’ आवाजच सर्वांत उंच असतो. यंत्र तो मर्यादेपर्यंत नेते आणि गाणे खालीच राहते. आधी हे टक् आवाज काढा, मग ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमधले ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ वापरून गाणी, जिंगल, जाहिराती, निवेदन सगळे एकाच पातळीवर आणा, समजा उणे १८ एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाज मोजण्याचे एकक). तिथली मोनोला (एकाच वाहिनीच्या ध्वनीला) ड्युअल मोनो (दोन्ही वाहिन्यांवर तोच ध्वनी) धरण्याची खूण काढू नका. ती नसेल तर मोनो गाणी ३ डेसिबलने मोठी होतात. नवी गाणी खाली आणणे बरे. जुनी फार वर ओढली की आवाज फाटतो.

एक परीक्षा जरूर करा. प्रत्येक जुने गाणे मोनो करून ऐका. कृत्रिम स्टिरिओ केलेल्या काही प्रतींत मोनोवर गायकाचा आवाजच पातळ होतो, आणि साध्या एका स्पीकरच्या रेडिओवर तुमचा श्रोता तेच ऐकतो. अशी प्रत टाकून दुसरी शोधा.

प्रश्न : संतांचे अभंग आणि पारंपरिक ओव्या तर फुकट वाजवता येतील ना?

उत्तर : शब्द, हो. ध्वनिमुद्रण नाही. त्याचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे असतो. १९६४ साली बाजारात आलेल्या ध्वनिमुद्रिकेचा हक्क २०२४ अखेर संपला. कवी आणि संगीतकार यांचा हक्क मात्र त्यांच्या निधनानंतर ६० वर्षे. ग. दि. माडगूळकर १९७७ साली गेले, म्हणजे त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत हक्काखाली आहेत, मुद्रिका कितीही जुनी असो. हक्कदाराशी थेट करार नसेल, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१ डी नुसार आधी सूचना देऊन आणि ठरलेले मानधन भरून प्रसारण करता येते. त्यात कवी, संगीतकार व मुख्य गायकाचे नाव सांगणे बंधनकारक आहे, तेव्हा निवेदकाच्या कागदावर ही नावे हवीतच.

गावातल्या बायकांकडून ओव्या स्वतः ध्वनिमुद्रित केल्यात तर उत्तम. सामुदायिक केंद्राचा निम्मा तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार व्हावा लागतो, त्यात त्या मोजता येतात. गाणाऱ्यांची लेखी संमती त्याच दिवशी घ्या.