लिहिलेलं आधी कुणाला वाचून दाखवायचं?

प्रश्न : माझे वडील बार्शीच्या मार्केट यार्डात हमाल होते. आता घरी असतात. त्यांच्यावर लिहायला घेतलंय, पण थोडी पानं झाली की हात थांबतो. एक-दोन मासिकांना पाठवलं, उत्तर आलं नाही. घरचे विचारतात, याचा उपयोग काय? तुम्ही कशासाठी लिहिता? उमेद टिकवता कशी?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : मी कुणासाठी लिहिते हे मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून उमेद टिकते.

माझं गाव जावळी तालुक्यातलं. घरटी एक माणूस मुंबईला गिरणीत. ते लालबाग-परळला गावकीच्या खोल्यांत राहायचे, खानावळीत जेवायचे. गावात राहिलेल्या बायकांना अक्षरओळख नव्हती, त्यामुळे शाळकरी वयातच त्यांची पत्रं लिहायचं काम माझ्याकडे आलं. मनिऑर्डर पोचली, म्हैस आटली, आत्याबाईंचा खोकला कमी आहे, थोरल्याच्या वह्या घ्यायच्या आहेत. अंतर्देशीय पत्र चिकटवण्याआधी मला सगळं मोठ्याने वाचून दाखवावं लागे. पदर खोचून, मान खाली घालून त्या ऐकत आणि आपला नसलेला शब्द लगेच ओळखत. एकीला मी विचारलं, "वहिनी, आठवण येते असं घालू का?" ती म्हणाली, "नको गं. दारच्या आंब्याला मोहोर आलाय, एवढं लिही. त्यांना कळतंय." लिहिण्याचं माझं सगळं शिक्षण तिथे झालं.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. तो लांबत गेला, पुरुष गावी परतले, कितीतरी जण पुन्हा गिरणीच्या खात्यात गेलेच नाहीत. पत्रं थांबली. संपावर, पुढाऱ्यांवर, मालकांवर लिहिणारे पुष्कळ होते. दर महिन्याची मनिऑर्डर बंद झाल्यावर त्या बायकांनी चूल कशी चालवली, कुणी डोरलं गहाण टाकलं, कुणी दुसऱ्याच्या बांधावर भांगलायला गेली, हे लिहिणारं कुणी दिसेना. मी तेव्हापासून लिहिते आहे. लिहून झालं की आजही मोठ्याने वाचते. ज्या वाक्याला "हे मी कुठं म्हटलं?" असं त्या म्हणाल्या असत्या, ते काढून टाकते.

छापून न येण्याचं दुःख मला कळतं, ते खोटं नाही. पण बहिणाबाई चौधरींचं बघा. त्यांना लिहिता येत नव्हतं. मुलाने, सोपानदेवांनी आणि घरातल्या एका नातेवाइकाने ओव्या टिपून ठेवल्या. बहिणाबाई 1951 मध्ये गेल्या आणि संग्रह आला 1952 मध्ये. टिपणाऱ्यांनी आधी प्रकाशक शोधला असता तर आपल्या हाती काय लागलं असतं? तुम्ही तुमच्या घरातले टिपणारे आहात. हे काम मला फार मोलाचं वाटतं.

आता तुमच्या थांबणाऱ्या हाताबद्दल. माझा अंदाज असा की तुम्ही वडिलांविषयी एकट्याने बसून लिहिताय. त्यांच्या शेजारी बसा. पोत्याला आकडा नेमका कुठे लावायचा, क्विंटलचं पोतं पाठीवर घेताना मान कुठे ठेवायची, थप्पी लावताना सगळ्यात वरचं पोतं कोण चढवायचं, पावसाळ्यात फळीवरून पाय घसरला तर काय व्हायचं, हे विचारा. हमालांसारख्या ओझं वाहणाऱ्या कामगारांसाठीचा माथाडी कायदा 1969 चा. वडिलांचं नाव त्या कायद्याखालच्या माथाडी मंडळात कधी लागलं, त्याआधी मजुरी कुणाच्या हातून मिळायची, आजारपणात घर कोण बघायचं, तेही विचारा. एका बैठकीत एकच गोष्ट घ्या आणि त्याच संध्याकाळी लिहून काढा.

दिवाळी अंकांना पाठवायचं असेल तर पावसाळा लागायच्या आत पाठवा, आणि प्रत स्वतःजवळ ठेवा. त्याआधी मात्र ती पानं वडिलांना वाचून दाखवा. ते मध्येच थांबवून "असं नव्हतं ते, ऐक" म्हणाले, तर पेन उघडं ठेवा.