मदतनिधी प्रयोग: हाउसफुल्ल होऊनही हात रिकामे का?

प्रश्न: वस्तीतल्या आमच्या केंद्रात मुलांचे नाट्यवर्ग चालतात. त्यांच्यासाठी व्यावसायिक नाटकाचा प्रयोग घेतोय. तिकिटं खपली तरी फारसं उरत नाही म्हणतात. खरं का?

उत्तर: खरं आहे. समजा आसनं ६००, आणि नाटकाचं मानधन, नाट्यगृहाचं भाडं, छपाई मिळून खर्च दीड लाख. म्हणजे सरासरी २५० रुपयांना प्रत्येक खुर्ची विकली तरी फक्त खर्च निघतो. कमाई असते ती स्मरणिकेच्या जाहिरातींत. त्या दोन महिने आधी गोळा करा आणि पैसे हातात आल्याशिवाय पान छापू नका.

तिकिटांच्या पुस्तकांना क्रमांक घाला, कुणाला कुठलं दिलं ते वहीत सहीसकट लिहा. ‘मी खपवतो’ म्हणणारे निम्मी तिकिटं प्रयोगाच्या दिवशी दुपारी परत आणतात. म्हणून परतीची मुदत आठ दिवस आधीची ठेवा. तिकिटाची रक्कम देणगी नव्हे, देणगीची पावती वेगळी फाडा. रोख देणगी २,००० रुपयांवर गेली की दात्याला करसवलत मिळत नाही, हे त्याला आधीच सांगा.

मुलांचा कार्यक्रम जरूर ठेवा, पालकांची तिकिटं त्यानेच खपतात. पण नाटकाचा सेट आधीच लागलेला असतो, तेव्हा मुलांचं सादरीकरण दर्शनी पडद्यापुढे बसेल असंच बसवा: दहा मिनिटं, नेपथ्य शून्य. तालमीत जमिनीवर खडूने सहा फूट खोलीची पट्टी आखून घ्या, नाहीतर ऐनवेळी मागची रांग पडद्यात अडकते. आणि भाषणं? दोनच, तीही मध्यंतरात.