दमसास: वाचकांचे प्रश्न

ऑक्टोबर सरला की पळणाऱ्यांच्या या सदराच्या टपालात दोन गठ्ठे होतात. एक, सप्टेंबरात साताऱ्याच्या घाटातल्या हाफ मॅरेथॉनमध्ये पायांचं काय झालं याचा. दुसरा, जानेवारीत मुंबई मॅरेथॉनमध्ये काय होणार याचा. अधेमधे सायकलवाले. यंदा तापातून उठलेल्यांचीही बरीच पत्रं आहेत, त्यातलं एक शेवटी घेतलं आहे.

वय ४२, ठाणे. मागची हाफ मॅरेथॉन (२१.१ किलोमीटर) २ तास १० मिनिटांत झाली. यंदा मुंबईची फुल (४२.२ किलोमीटर) करायची आहे. आठवड्याला पाच दिवस मिळून ५० किलोमीटर पळतो, सगळं किलोमीटरला ६:२० ते ६:३० मिनिटांच्या पेसने, म्हणजे वेगाने. सप्टेंबरपर्यंत झकास चाललं होतं. गेला महिनाभर त्याच पेसला घड्याळ हार्ट रेट १७० दाखवतं, रात्री झोप मोडते आणि रविवारचा लाँग रन १८ किलोमीटरलाच आटोपतो. मेहनत वाढवू का?

वाढवू नका. आधी घड्याळ तपासा. मनगटावरचं सेन्सर त्वचेखालच्या रक्ताची स्पंदनं प्रकाशाने मोजतं. पट्टा सैल असला की ते हाताच्या झोक्याला भुलतं आणि नाडीऐवजी पावलं मोजू लागतं. पळताना मिनिटाला १६५ ते १७५ पावलं पडतात, म्हणजे आकडा अगदी खरा वाटावा असाच. पहिल्या दोनशे मीटरांतच १७० दिसत असेल तर संशय घ्या. थांबा, लगेच मानेवर बोटं ठेवा, १५ सेकंद मोजा आणि चारने गुणा. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट बांधा. तरीही शंका राहिली तर छातीवरचा पट्टा घ्या, तो बराच भरवशाचा.

आकडा खरा निघाला तर कारणं दोन. पहिलं ऑक्टोबर हीट. पाऊस गेलेला, हवेत दमटपणा तसाच, घाम वाळत नाही. अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, घामाने रक्तातलं पाणीही कमी होतं, म्हणून तेवढ्याच वेगाला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. यात तुमची काही चूक नाही. रोज थोडं पळत राहिलात तर शरीर १० ते १४ दिवसांत उकाड्याशी बरंचसं जुळवून घेतं. तोवर पेस विसरा.

दुसरं कारण उन्हाच्या माथी मारता येणार नाही. तुमचा प्रत्येक रन एकाच पेसचा आहे. हाफचा पेस किलोमीटरला ६:१० पडतो आणि तुम्ही रोज त्याच्या जेमतेम १०-२० सेकंद मागे पळता. हा वेग हळू म्हणावा इतका हळू नाही आणि फायदा व्हावा इतका वेगवानही नाही. पहिले तीन-चार महिने त्यातही सुधारणा दिसते, म्हणूनच माणूस फसतो. मग थकवा साठत जातो, झोप बिघडते आणि आपल्याला वाटतं की कष्ट कमी पडताहेत.

पुढचे दहा दिवस आठवड्याला ३० किलोमीटरच, सगळं हळू. हळू म्हणजे किलोमीटरला ७:१५ ते ७:४५. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, दर तीन शब्दांनी श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त आहे. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी नाडी मोजून वहीत लिहा. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त सलग दोन-तीन दिवस दिसले तर त्या दिवशी चाला.

त्यानंतरचा आठवडा असा: मंगळवारी ८ किलोमीटर हळू. बुधवारी २ हळू, मग १ किलोमीटर ५:५० ने असे चार, प्रत्येकानंतर दोन मिनिटं जॉग, शेवटी २ हळू. गुरुवारी आणि शुक्रवारी ६-६ हळू. शनिवारी सुट्टी. रविवारी २२, पुढे दर आठवड्याला दोन किलोमीटर वाढवत ३० पर्यंत. दर चौथ्या आठवड्याला एकूण अंतर तिसऱ्या हिश्शाने कमी. सर्वांत लांब रन शर्यतीच्या तीन आठवडे आधी, त्यानंतर अंतर निम्म्यावर आणा पण बुधवारचे वेगाचे तुकडे ठेवा.

मुंबईत तुमची वेळ ४ तास ४५ मिनिटं धरा, म्हणजे पेस ६:४५. हाफच्या वेळेची दुप्पट करून त्यात दहा मिनिटं मिळवणारे पेडर रोडच्या चढावर चालताना दिसतात. तो चढ परतीच्या वाटेवर, शेवटच्या टप्प्यात येतो, आणि तोवर ऊन चढलेलं असतं.

वय ३६, मिरज. सातारा हिल हाफमध्ये वरचा टप्पा ठरल्याप्रमाणे झाला, उतारावर चौथ्या किलोमीटरला मांड्या धरल्या. पुढचे तीन दिवस जिना आडव्या पायांनी उतरत होतो. आमच्याकडे दंडोबाचा डोंगर सोडला तर चढच नाही. पुढच्या वर्षासाठी काय करू?

चढाची तयारी सगळे करतात, उताराची कोणीच करत नाही. या शर्यतीतला यवतेश्वरचा घाट चढताना दम लागतो, पण मांडी आखडत काम करते आणि ते तिच्या सवयीचं असतं. उतरताना तीच मांडी प्रत्येक पावलाला ब्रेक लावते, म्हणजे ताणली जात असतानाच जोर लावते. अशा कामात स्नायूचे तंतू बारीक बारीक तुटतात. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचतं ते यामुळेच. लॅक्टिक ॲसिडचा यात संबंध नाही, ते तासाभरात रक्तातून निघून जातं.

चांगली बाजू अशी की स्नायू हा धडा पटकन शिकतो. एकदा उतारावर पळून मांड्या दुखल्या की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराला त्या फारशा दुखत नाहीत. शर्यतीच्या आठ आठवडे आधी सुरू करा. मध्यम उतारावर ४०० मीटर खाली पळत, वर चालत, असे चार फेरे. दर दहा दिवसांनी एकदा, वाढवत आठ फेऱ्यांपर्यंत. शेवटचा सराव शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी, त्यानंतर नाही. मधल्या आठवड्यांत घरच्या जिन्याची पायरी वापरा: एका पायावर उभं राहून दुसरी टाच तीन सेकंद घेत खालच्या पायरीला टेकवायची, एका पायाला १०, असे तीन सेट. गुडघा आत झुकत असेल तर आरशासमोर करा.

उतरताना पावलं छोटी आणि भराभर टाका, पाय शरीराच्या खाली पडला पाहिजे. मागे रेलून टाच पुढे रोवली की प्रत्येक पाऊल ब्रेक होतं. बुटाची नाडी शेवटच्या भोकापर्यंत ओवून घोट्याशी घट्ट बांधा, नाहीतर पाय पुढे सरकून अंगठ्याचं नख काळं पडतं. आणि वरून वळल्यावर पहिले दोन किलोमीटर हात राखून पळा. वेळ तिथे कमावली की पुढे व्याजासकट जाते.

वय ३४, नाशिक. हाफची तयारी करते. दोन महिन्यांपासून सपाटीवर ठीक, पण जरा चढ आला की धाप लागते. हिमोग्लोबिन ११.४ आलं, "बायकांचं एवढं असतंच" असं ऐकायला मिळालं. शाकाहारी आहे, पाळीत रक्तस्राव जास्त होतो. गोळ्या सुरू करू का?

"असतंच" हे उत्तर नाही. बायकांमध्ये १२ च्या खाली गेलं की तो ॲनिमिया. पण गोळी घेण्याआधी फेरिटिन, बी-१२ आणि पूर्ण सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) करून घ्या. फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा. तिजोरी आधी रिकामी होते, हिमोग्लोबिन नंतर घसरतं. फेरिटिन ३० च्या खाली असेल तर साठा संपत आला आहे. ताप येऊन गेल्यावर किंवा लाँग रनच्या दुसऱ्याच दिवशी ही तपासणी करू नका, तेव्हा आकडा फुगलेला येतो. सीबीसीमध्ये एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) फार कमी आणि फेरिटिन मात्र चांगलं असेल तर थॅलेसेमिया मायनरची, म्हणजे रक्तातल्या आनुवंशिक दोषाची, शंका घ्यावी लागते. तिथे लोहाच्या गोळ्यांचा उपयोग नाही, उलट लोह साठून राहू शकतं. म्हणून मैत्रिणीची गोळी उचलू नका.

डॉक्टरांनी लोह दिलं तर रोज की एक दिवसाआड हे विचारून घ्या. गोळी घेतली की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि ते आतड्याचं दार काही काळ लावून घेतं, म्हणून बऱ्याच जणींना दिवसाआडची गोळी जास्त लागू पडते आणि पोटालाही सोसते. जोरदार रननंतर काही तास हेच संप्रेरक वाढलेलं असतं. गोळी पळण्याआधी किंवा पळून आल्याआल्या अर्ध्या तासात, लिंबूपाण्याबरोबर घ्या. दूध, कॅल्शियमची गोळी आणि चहा यांच्यापासून लांब. शौचाचा रंग काळा होतो, घाबरू नका.

जेवणात खरा चोर चहा आहे. पोहे आणि चहा ही जोडी मोडा, चहा तासाभराने प्या. उसळीवर लिंबू पिळा, भाजी लोखंडी कढईत करा. अळिवाचे लाडू चांगलेच, पण रिकामी तिजोरी नुसत्या लाडवांनी भरायला फार वेळ लागतो. पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवाच, नळ वाहता ठेवून टाकी भरत नाही. तोवर चढ चालत चढा, वेगाचे सराव बंद ठेवा. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी.

एक प्रश्न आमच्याकडून: सकाळी उपाशी पळून, मग डबा भरण्याच्या गडबडीत दहापर्यंत काहीच खात नाही, असं होतं का? होत असेल तर पळण्याआधी एक केळं आणि आल्यावर अर्ध्या तासात नाश्ता.

वय ४८, पुणे. ३०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) १८ तासांत पूर्ण केली. पाच दिवस झाले, दोन्ही हातांची करंगळी आणि अनामिका बधिर आहेत. ४०० ची नोंदणी झाली आहे.

तळहाताच्या करंगळीकडच्या उशीखालून अल्नर नर्व्ह जाते, हँडलवर ती दबली आहे. दोन बोटांच्या बेचक्यात कागद धरा आणि कोणाला तरी तो ओढायला सांगा. कागद सहज निसटला किंवा बोटं फाकवता येत नसतील तर हे नुसतं बधिरपण नाही, स्नायू अशक्त झाला आहे. तसं असेल तर लगेच, आणि नुसतं बधिरपण दोन आठवड्यांत गेलं नाही तर तेव्हा, न्यूरोलॉजिस्टकडे जा. तोवर ४०० नाही. ४०० ची वेळमर्यादा २७ तास, तेवढा वेळ त्याच नर्व्हवर भार देणं परवडणारं नाही.

सायकलवर पहिला संशयित हँडल नाही, सीट आहे. बूड दुखतं म्हणून लोक सीटचं नाक खाली झुकवतात, मग अंग पुढे घसरत राहतं आणि सगळा भार हातांवर येतो. सीटवर पाणसळ ठेवून ती सपाट करा. मग हँडल १० मिलिमीटर वर घ्या, कोपर थोडं वाकलेलं राहील इतपत जवळ आणा. टेप दुहेरी गुंडाळा. तिसरं, हवा. २८ मिलिमीटरच्या टायरात ११० पीएसआय भरून खंबाटकीच्या उतारावर रस्त्याची प्रत्येक खोच मनगटात घेण्यात शहाणपण नाही. वजन ७० किलोच्या आसपास असेल तर मागे ७५, पुढे ७० पुरे. दर दहा मिनिटांनी पकड बदला. मनगट सरळ ठेवा.

वय ५२, पुणे. गेल्या मॅरेथॉनला प्रत्येक स्टेशनवर पाणी प्यायलो, तरी शेवटी डोकं ठणकत होतं, उलटी झाली, अंगठी बोटात रुतली. घरी वजन दीड किलो जास्त भरलं. पाणी कमी पडलं का?

जास्त झालं. पळून आल्यावर वजन वाढलेलं असणं ही धोक्याची खूण आहे: रक्तातलं सोडियम पातळ झालं. हे जिवावर बेतू शकतं. असं डोकं दुखू लागलं, बोलण्यात गोंधळ झाला, तर पाणी पाजायचं नाही, सरळ वैद्यकीय तंबू गाठायचा. शर्यतीआधी दुखण्याची गोळी घेतली असेल तर तीही पुन्हा नको. तिने मूत्रपिंडावर ताण येतो आणि पाणी अंगातच धरलं जातं.

घाम मोजा. तासभर पळण्याआधी आणि नंतर, अंग पुसून, कमी कपड्यांत वजन करा. एक किलो कमी झालं तर साधारण एक लिटर घाम गेला, मधे प्यायलात तर तेही मिळवा. हा आकडा म्हणजे वरची मर्यादा, त्याहून जास्त कधीच पिऊ नका. तहान लागेल तसं प्या.

घरचं पेय: एक लिटर पाणी, ६० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ, एक लिंबू. ओआरएसची पुडी जुलाबासाठी बनवलेली असते. लिटरभर पाण्यात जेमतेम १३.५ ग्रॅम ग्लुकोज, तुम्हाला तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. आणि "स्ट्राँग" व्हावं म्हणून लिटरची पुडी अर्ध्या लिटरात घोळू नका, मळमळ त्यानेही होते. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर मिठाबद्दल डॉक्टरांना विचारा.

वय २९, सोलापूर. डेंग्यू झाला होता, ताप जाऊन आठ दिवस झाले, प्लेटलेट पूर्ववत आहेत. हाफ दोन आठवड्यांवर आहे. हळू पळू का?

नाही. प्लेटलेट परत आल्या म्हणजे शरीर परत आलं असं नाही, डेंग्यूनंतरचा थकवा अनेकदा महिनाभर रेंगाळतो. शिवाय विषाणूच्या तापात हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते आणि त्यावर जोर पडला तर ठोका बिघडतो. पहिला आठवडा रोज २० मिनिटं चाला. दुसऱ्या आठवड्यात एक मिनिट जॉग, दोन मिनिटं चाल, असं अर्धा तास, एक दिवसाआड. दुसऱ्या दिवशी सकाळची नाडी नेहमीच्या जागी आली तरच पुढे. छातीत दुखलं, धडधडलं, चक्कर आली तर थांबा आणि ईसीजी काढा.

बिब (छातीवरचा शर्यतीचा क्रमांक) मित्राला देण्याचा विचार असेल तर तोही सोडा. तो वाटेत कोसळला तर तंबूतले डॉक्टर त्या क्रमांकावरून तुमचा रक्तगट काढतील आणि फोन तुमच्या घरी करतील.