वाक्प्रचार घोटून याल, पण 'क्वाइट गुड'चं काय?

तुम्ही लिहिलंय की सप्टेंबरात इंग्लंडात लीड्सला निघायचंय, आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत आठ बँड मिळालेत, सोबत बायको आणि पाच वर्षांची मुलगी. तर अवघड इंग्रजी शब्द आणि वाक्प्रचारांचं कुठलं पुस्तक घोटून यावं? व्हिसा, फी वगैरे सरकारी साइटवर आहे, ते मी लिहीत नाही. उत्तरच देणार नव्हते, पण 'घोटून' या शब्दाशी अडले. मीही तेच करून आले होते.

आमच्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून. न्यूनगंड पक्का, आणि त्यावर उतारा म्हणून दोनशे पानी वही. डावीकडे वाक्प्रचार, उजवीकडे मराठी. पहिल्याच पानावर लाल शाईत 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'. इथे अकरा वर्षं पावसात भिजतेय, पण ते एकाही माणसाच्या तोंडून ऐकलं नाही. 'चकिंग इट डाउन' म्हणतात. आयेल्ट्समध्ये वाक्प्रचारांना भाव असतो, म्हणून क्लासवाले रतीब घालतात. तुमची परीक्षा झाली ना? मग वही माळ्यावर टाका.

लीड्सचं म्हणून जे आहे ते महिन्याभरात अंगवळणी पडतं. 'टी' म्हणजे संध्याकाळचं जेवण. शेजारणीनं टीला बोलावलं तर आम्ही पोटभर जेवून गेलो आणि समोर आख्खं ताट! 'हाफ फाइव्ह' म्हणजे साडेपाच. 'गिनेल' म्हणजे बोळ. 'यू ऑल राइट?' विचारलं की आपली पाठदुखी सांगायची नाही. आणि 'आय पास्ड आउट इन 2004' म्हणू नका, बेशुद्ध पडला होतात असं वाटेल.

खरी मेख साध्या शब्दांत आहे. 'क्वाइट', 'माइट', 'अ बिट'. यातला एकही शब्द माझ्या वहीत नव्हता, कारण ते मला येत होते.

मुलगा पाच वर्षांचा असतानाची पालकसभा. दहा मिनिटांची वेळ, गुडघे हनुवटीला लागतील एवढ्या खुर्च्या. बाई हसून म्हणाल्या, वाचन 'क्वाइट गुड' आहे, जरा 'ड्रीमर' आहे, आणि 'यू माइट वॉन्ट टू गेट हिज इअर्स चेक्ड अ‍ॅट सम पॉइंट.' आम्ही खूश. घरी येऊन मी शिरा केला. 'क्वाइट गुड' म्हणजे इथे नुसतंच 'बरं', हे नंतर कळलं. आणि 'माइट वॉन्ट टू' म्हणजे 'उद्या जा'. आम्ही 'सम पॉइंट'चा अर्थ 'सवडीनं' असा लावला. ती सवड वर्षानं आली. कानाच्या पडद्यामागे चिकट पाणी साठलं होतं. लहान मुलांत सर्रास होतं म्हणे, पण तोवर पोरगं वर्गात पाण्याखाली बसल्यासारखं बसत होतं.

'जेवायला या हं कधीतरी' म्हणजे येऊ नका, हे कळणारी माणसं आपण. लेकी बोले सुने लागे यात आपला जन्म गेला. तोच कान इंग्रजीत मात्र बंद.

शाळेचंही ऐका. प्रवेशाच्या फॉर्मवर 'घरची भाषा' या रकान्यात मी ठसठशीत 'मराठी' लिहिलं होतं. त्यामुळे मुलगा गप्प असतो तो मराठीमुळेच, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि जादा इंग्रजीच्या गटात बसवलं. तिथल्या एक बाई म्हणाल्या, घरी थोडं जास्त इंग्रजी बोललात तर 'इट माइट हेल्प'. हा 'माइट' मात्र आम्ही हुकूम समजून पाळला. त्या संध्याकाळपासून घरात मराठी बंद. घरची भाषा सोडू नका, असं पुढे स्पीच थेरपिस्टनंच सांगितलं, पण तोवर तो आम्हाला इंग्रजीतच उत्तरं द्यायला लागला होता. राग कुणाचा धरायचा ते अजून ठरत नाही. बाईंचा धरला की स्वतःचाच येतो.

एकटेपणाचं विचारलंत. येतो. डिसेंबरात पावणेचारला अंधार पडतो तेव्हा जास्त येतो. दिवे लावायचे आणि कामाला लागायचं.

पुस्तक घेऊ नका. मुलीच्या बाई हसून काही म्हणाल्या की तिथल्या तिथे विचारा, 'आर यू वरीड अबाउट हर?' अडाणी दिसलात तरी चालेल. फॉर्मवर मराठी लिहा आणि घरी मराठीच बोला.

मुलगा आता पंधराचा आहे. कान ठणठणीत, इंग्रजी इथल्या पोरांसारखं, माझे उच्चार सुधारतो. परवा रविवारी फोनवर आजी त्याला म्हणाली, "बाळा, तुझ्या वाटेकडे डोळे लागलेत रे." त्यानं फोनवर हात ठेवून मला घाबऱ्या आवाजात इंग्रजीत विचारलं, आजीच्या डोळ्यांना काय झालंय?

मी म्हटलं, "शी मिसेस यू."

तो म्हणाला, "ओके."